बत्तीस केबीचा संगणक पुन्हा बोलू लागला

आपल्यापैकी जे आज पन्नाशीच्या आसपास आहेत, त्यांतल्या काहींनी शाळेत पहिल्यांदा जो संगणक पाहिला तो बहुधा बदामी रंगाचा, जाडजूड कीबोर्डसारखा दिसणारा एक डबा असेल. वरच्या रांगेत दहा लालसर बटणे, बाजूला टेपरेकॉर्डर आणि समोर एक लहान पडदा. त्याचे नाव बीबीसी मायक्रो. १९८४ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने आणि शिक्षण मंत्रालयाने मिळून 'क्लास' हा प्रकल्प सुरू केला. 'कॉम्प्युटर लिटरसी अँड स्टडीज इन स्कूल्स' हे त्याचे पूर्ण नाव. सुरुवातीला देशातल्या सुमारे २५० शाळांना ही यंत्रे मिळाली आणि पुढच्या काही वर्षांत हा आकडा हजारोंवर गेला. नंतर मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने हेच यंत्र 'एससीएल युनिकॉर्न' या नावाने इथे जोडायला घेतले.

पुढे नवे संगणक आले, त्यांच्यापाठोपाठ आणखी नवे आले, आणि ही यंत्रे कपाटांत गेली. कुठे भंगारात निघाली, कुठे अजून पडून आहेत. आमच्या शाळेत तशी दोन होती. डेडस्टॉक रजिस्टरात त्यांच्यासमोर निर्लेखनाचा शेरा पडला होता आणि महिनाभरात भंगारवाला येणार होता. किलोच्या भावाने दोघांचे मिळून काय आले असते, याचा हिशोब वाचकांनीच करावा. पण त्याच कपाटात एका बिस्किटांच्या डब्यात अकरा कॅसेट होत्या. त्यांवर आमच्या शाळेतल्या एका मरहूम सरांच्या हस्ताक्षरात चिठ्ठ्या होत्या: 'पाढे', 'नववी अ', 'हरूफ'. सरांनी १९८७ च्या सुमारास मुलांकडून करून घेतलेले ते काम होते. यंत्र गेले असते तर ते वाचण्याचे साधनही गेले असते. म्हणून आम्ही ठरवले की भंगारवाला येण्याआधी दोघांतले निदान एक यंत्र चालू करायचे. आम्ही म्हणजे दोन शिक्षक, प्रयोगशाळेचे परिचर, नववीतल्या तीन मुली, एक मुलगा, आणि बाजारपेठेत चाळीस वर्षे टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारे चाचा.

हे यंत्र कशासाठी बनले

इंग्लंडमध्ये १९८० च्या सुमारास बीबीसीला वाटले की सामान्य माणसाला संगणक शिकवणारी दूरदर्शन मालिका काढावी. पण शिकवायचे तर लोकांच्या हातात एक ठरावीक यंत्र हवे. हे काम केंब्रिजच्या एकॉर्न या लहानशा कंपनीला मिळाले. यंत्र डिसेंबर १९८१ मध्ये बाजारात आले आणि मालिका जानेवारी १९८२ मध्ये सुरू झाली. पुढे अशी १५ लाखांहून अधिक यंत्रे विकली गेली.

आमच्याकडचे यंत्र 'मॉडेल बी' होते. त्याची स्मरणशक्ती ३२ केबी, म्हणजे ३२,७६८ अक्षरांइतकी. आज फोनवर येणारा 'सुप्रभात'चा एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. त्याचा ६५०२ हा प्रोसेसर सेकंदाला २० लाख ठोके देतो. पण एवढ्याशा पुंजीत ते यंत्र रंगीत चित्रे काढायचे, आवाज काढायचे, प्रिंटर चालवायचे, आणि महत्त्वाचे म्हणजे बटण दाबताच दुसऱ्या क्षणी 'सांगा, काय करू?' म्हणून तयार असायचे. त्यातली बेसिक भाषा सोफी विल्सन यांनी लिहिली. याच विल्सन आणि त्यांचे सहकारी स्टीव्ह फर्बर यांनी पुढे एकॉर्नसाठी एक नवा प्रोसेसर आखला. तो २६ एप्रिल १९८५ रोजी पहिल्यांदा चालला, तोही बीबीसी मायक्रोला जोडूनच. त्याचे नाव एआरएम. आज आपल्या खिशातल्या बहुतेक सगळ्या मोबाइल फोनांत त्याचेच वंशज आहेत.

आधी प्लग नको

चाचांनी यंत्राला हात लावायच्या आधीच बजावले, "सर, कुणी प्लग लावला नाही ना? लावू नका. आधी आत काय आहे ते बघू."

जुन्या यंत्राच्या बाबतीत हा पहिला नियम. वर्षानुवर्षे बंद पडलेल्या यंत्रात थेट २३० व्होल्ट सोडले, तर जे धड आहे तेही जळू शकते. बीबीसी मायक्रो उघडणे सोपे आहे. मागे दोन आणि खाली दोन असे चार स्क्रू असतात आणि त्यांच्याजवळ 'फिक्स' असे लिहिलेले असते. झाकण निघाले की डावीकडे पॉवर सप्लायचा डबा, समोर कीबोर्ड आणि मागे मोठा बोर्ड दिसतो. याला पंखा नाही, त्यामुळे धूळ मानाने कमी होती. पण कोकणातली दमट हवा आत पोहोचली होती. एका यंत्राच्या बोर्डावर हिरवट बुरशीसारखा गंज होता, आयसींचे पाय काळे पडले होते आणि कोपऱ्यात पालीच्या अंड्यांची टरफले होती. दुसरे बरे होते. चाचांनी निकाल दिला: "हे चालवायचं, आणि याच्यासाठी लागेल ते त्याच्यातून काढायचं."

पॉवर सप्लायच्या डब्यात, वीज आत येते तिथेच, दोन चौकोनी कंडेन्सर असतात. विजेतला गोंगाट गाळणे हे त्यांचे काम. त्यांच्या पारदर्शक आवरणाला वयाने बारीक चिरा जातात, चिरांतून ओल आत शिरते, आणि वीज दिली की ते फुगून फुटतात. खोलीभर घाणेरडा धूर होतो. जगभर जिथे जिथे हे यंत्र कुणी पुन्हा चालू केले आहे, तिथे पहिली दुरुस्ती हीच ठरलेली. आमच्या दोन्ही कंडेन्सरांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा होत्या. चाचांनी ते काढून त्याच मापाचे, थेट मेनवर चालणाऱ्या 'एक्स-टू' प्रतीचे नवे लावले. साधा कंडेन्सर इथे चालत नाही, हे त्यांनी मुलांना दोनदा सांगितले. त्याच डब्यातला एक लहान कंडेन्सरही बदलला, कारण तो सुकला की सप्लाय सुरूच होत नाही.

मग सिरीज बल्ब. ही आपल्याकडच्या दुरुस्तीवाल्यांची जुनी युक्ती. वीज थेट न देता १०० वॅटच्या बल्बमधून द्यायची. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि यंत्र वाचते. सगळे ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळतो आणि मंदावतो. सप्लायला रिकामे चालवू नये म्हणून चाचांनी पाच व्होल्टच्या तारांवर गाडीच्या इंडिकेटरचा बल्ब जोडला. सिरीज बल्ब उजळला, मंदावला. मीटरवर ५ व्होल्ट आले. पहिला टप्पा पार पडला.

एकच लांब सूर

सप्लायमधून बोर्डाकडे सात वायरी जातात: तीन लाल, तीन काळ्या, एक जांभळी. त्यांची टोके घासून लावली आणि यंत्र चालू केले. एक लांब, न थांबणारा सूर निघाला. पडद्यावर काही नाही.

यंत्र बरे असेल तर दोन आवाज येतात. आधी एक खालचा, मग लगेच एक बारीक वरचा. त्या पिढीच्या मुलांच्या कानांत तो अजून असेल. एकच सूर चालू राहिला तर त्याचा अर्थ असा, की आवाजाची आयसी वीज मिळताच आपोआप सूर धरते आणि प्रोसेसरने जागे होऊन तिला 'गप्प' म्हणायचे असते. इथे ते म्हणणारा जागाच होत नव्हता. म्हणजे त्या रडण्यातही निदान होते.

प्रोसेसर आणि त्याचा कार्यक्रम साठवलेल्या रॉम या आयसी बेसमध्ये खोचलेल्या असतात. इतक्या वर्षांत उन्हाळ्या-पावसाळ्यात आकसून-फुगून त्या किंचित वर सरकतात आणि पायांवर काळा थर बसतो. मुलींनी वीज काढून, हात आधी धातूला लावून अंगातली स्थिर वीज उतरवून, एकेक आयसी चपट्या पट्टीने अलगद उचलली. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मिळते ते आयसोप्रोपिल अल्कोहोल ब्रशने पायांना लावले. कुठली आयसी कोणत्या बाजूला तोंड करून होती याचा फोटो आधीच काढला होता. उलटी बसली तर ती गेलीच. सगळ्या परत दाबून बसवल्या.

या वेळी दोन्ही आवाज आले. वर्गात जो ओरडा झाला, त्याने शेजारच्या वर्गातले सर बघायला आले.

पडदाभर उद्गारचिन्हे

आता पडदा. यंत्राच्या मागे चित्राची एक गोल खोबण असते. सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या केबलला लागते तीच जोडणी तिला लागते. ती जोडणी आणि टीव्हीच्या पिवळ्या एव्ही खोबणीत जाणारी केबल बाजारात पन्नास-साठ रुपयांत मिळाली. इंग्लंड आणि भारत, दोन्हीकडे टीव्हीची चित्रपद्धत एकच असल्याने शाळेच्या टीव्हीवर चित्र आले. पण काय आले? सगळा पडदा उद्गारचिन्हांनी भरलेला. वरच्या ओळीत 'बीबीसी'च्या जागी 'सीसीसी', 'कॉम्प्युटर'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये पी, टी, आर यांच्या जागी क्यू, यू, एस, आणि '३२ के'च्या जागी '३३ के'.

इथे चाचांनी हात वर केले. "हे तुमच्या हिशोबाचं काम." आणि खरोखरच तो हिशोबाचा तास झाला. संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. आम्ही फळ्यावर तक्ता मांडला. 'बी' ६६, दिसतो 'सी' ६७. 'टी' ११६, दिसतो 'यू' ११७. रिकाम्या जागेचा क्रमांक ३२, दिसते उद्गारचिन्ह, ३३. पण 'सी', 'ओ', 'एम', 'ई' तसेच्या तसे. सगळ्यात मागे बसणारी मुलगी उठून म्हणाली, "सर, सम आहे ते विषम होतंय. विषम आहे ते तसंच राहतंय."

हेच उत्तर होते. संख्या संगणकात शून्य आणि एक या दोनच अंकांनी लिहिली जाते आणि शेवटचा अंक एक असेल तर ती विषम. म्हणजे स्मरणातला शेवटचा अंक कायम 'एक'वर अडकला होता. या यंत्राच्या ३२ केबी स्मरणासाठी सोळा आयसी असतात, आठ-आठच्या दोन रांगा, आणि प्रत्येक आयसी एकच अंक सांभाळते. पडद्यावरचा मजकूर वरच्या १६ केबीत राहतो. तेव्हा त्या रांगेतली शेवटच्या अंकाची एकच आयसी दोषी. सोळा संशयितांतून एक, तेही मीटर न लावता, फळ्यावरच्या बेरजेने.

ती आयसी बोर्डावर सोल्डर केलेली होती. चाचांनी तिचे सोळाही पाय कापले, बोर्ड दुखावू नये म्हणून एकेक पाय तापवून काढला, भोके पंपाने साफ केली आणि तिथे आयसी बेस बसवला. गंजलेल्या यंत्रातून तशीच एक आयसी काढून त्यात खोचली. पडदा स्वच्छ झाला. 'बीबीसी कॉम्प्युटर ३२ के', खाली 'बेसिक' आणि त्याखाली बाणाचे एक टोक, हुकमाची वाट पाहत. कीबोर्डची चार-पाच बटणे उठत नव्हती. ती कॉन्टॅक्ट क्लीनर सोडून शंभरेक वेळा दाबल्यावर सुटली.

कॅसेटमधला आवाज

या यंत्राचे कार्यक्रम साध्या गाण्याच्या कॅसेटवर साठवत. 'एक' म्हणजे २४०० कंपनांच्या सुराचे दोन फेरे, 'शून्य' म्हणजे १२०० कंपनांचा एक. कानाला ती नुसती किरकिर. तिच्यात २५६ अक्षरांचा एकेक तुकडा असतो आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी ताळा. ताळा जुळला नाही तर यंत्र पडद्यावर 'डेटा?' असे विचारते आणि टेप मागे घ्यायला सांगते.

शाळेच्या टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा डांबरासारखा वितळला होता. चाचांनी आपल्या दुकानातला बसवला, हेड साफ केले, आणि बारीक स्क्रू फिरवून आवाज जास्तीत जास्त तीक्ष्ण येईल असा लावला. कॅसेट आधी हाताने पुढे-मागे फिरवून सैल केल्या. दोन कॅसेटींवर पांढरी बुरशी होती. त्या बाजूला ठेवल्या, कारण बुरशीची टेप हेडवरून गेली की पुढच्या चांगल्या टेपलाही लागते.

जुनी टेप किती वेळा फिरवणे सोसेल याचा भरवसा नाही. म्हणून आम्ही प्रत्येक कॅसेट एकदाच वाजवून तिचा आवाज मोबाइलमध्ये उतरवला आणि मग फोनच्या हेडफोनच्या खोबणीतून तो यंत्राला ऐकवला. नातवाच्या तोंडून आजोबांना त्यांचीच जुनी कहाणी ऐकवावी, तसे ते होते. नऊपैकी सहा कॅसेटी पूर्ण वाचल्या गेल्या. 'हरूफ' तिसऱ्या तुकड्यावर पुन्हा पुन्हा अडकत होती. हेडचा स्क्रू पाव फेरा फिरवून ती पुन्हा उतरवली, आवाज थोडा वाढवला, आणि अकराव्या प्रयत्नाला ताळा जुळला.

हरूफ

या यंत्राला उर्दू येत नाही. पण त्याच्यात नवी अक्षरे घडवायची सोय आहे. आठ बाय आठचा चौकोन घ्यायचा, ज्या घरांत शाई हवी ती भरायची आणि प्रत्येक ओळीची बेरीज यंत्राला सांगायची. घरांची किंमत डावीकडून १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. अलिफ सोपा: सात ओळींत १६, शेवटी शून्य. 'बे'ची होडी करायची तर दोन टोके १२९, तळ १२६ आणि खाली नुक्त्यासाठी २४. सहज भरता येतील अशी ३२ च अक्षरे. उर्दूचे हरूफ त्याहून जास्त, शिवाय शब्दात त्यांची रूपे बदलतात. सरांनी वाट काढली होती: प्रत्येक मुलाने फक्त आपल्या नावापुरते हरूफ घडवायचे. यंत्र डावीकडून उजवीकडे लिहिते, म्हणून कार्यक्रमात दर अक्षराला जागा एकाने कमी करत उजवीकडून डावीकडे नाव छापले होते.

आम्ही कार्यक्रम चालवला. एकामागून एक चौदा नावे पडद्यावर आली, त्यांतली आठ मुलींची. त्यांतली एक आज गावातच शिवणकाम करते. दहावीनंतर तिचे शिक्षण थांबले होते. तिची नात आमच्याच शाळेत पाचवीत आहे. नातीने घरी सांगितले आणि दुसऱ्या दिवशी त्या स्वतः आल्या. पडद्यावर आपले नाव उमटताना पाहून त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग बोट ठेवून म्हणाल्या, "हा 'ये' माझा. शेपटीला एक घर कमी पडलं होतं. सर म्हणाले, राहू दे, वाचता येतंय." नातीने विचारले, "दादी, तुम्हाला कॉम्प्युटर येत होता?" त्यांनी उत्तर दिले नाही. फळ्यावर चौकोन काढून तिला १२८, ६४, ३२ लिहून दाखवले. ती रांग त्या विसरल्या नव्हत्या.

शाळा समितीने डेडस्टॉक रजिस्टरातला निर्लेखनाचा शेरा एका यंत्रापुरता रद्द केला आहे. गंजलेले यंत्र सुट्या भागांसाठी ठेवले आहे. कॅसेटींचे आवाज दोन पेनड्राइव्हवर आहेत आणि 'हरूफ'चा कार्यक्रम मुलींनी वहीत उतरवून ठेवला आहे, कारण कागद वाचायला कोणतेही यंत्र लागत नाही. चाचांनी मजुरी घेतली नाही. सामानाचा सगळा खर्च सातशे रुपयांच्या आत झाला.

घरात जुना संगणक असेल तर

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी पोटमाळ्यावर नव्वदच्या दशकातला एखादा संगणक असेल. त्यांच्यासाठी काही सूचना.

१. थेट प्लग लावू नका. आधी उघडून फुगलेले, चिरलेले, गळलेले कंडेन्सर आहेत का ते जाणकाराला दाखवा. पॉवर सप्लायचा डबा मुलांनी उघडू नये. वीज काढल्यावरही त्यातल्या कंडेन्सरांत धोकादायक भार राहतो. जुन्या काचेच्या मॉनिटरच्या बाबतीत तर हे दुप्पट खरे.

२. बोर्डावर निळी किंवा हिरवी, नळीसारखी बॅटरी असेल तर ती आधी काढून टाका. ३८६-४८६ च्या काळातल्या या बॅटऱ्या गळतात आणि बोर्डच्या बोर्ड खातात. नंतरच्या यंत्रांतली बटणासारखी बॅटरी मात्र नुसती बदलली की पुरे.

३. यंत्रापेक्षा त्यातली माहिती आधी वाचवा. हार्ड डिस्क काढून यूएसबीच्या जोडणीने नव्या संगणकाला लावता येते. लग्नाचे फोटो, अब्बांची पत्रे, दुकानाचे हिशोब असे काय काय निघते! उतरवले की दोन ठिकाणी ठेवा.

४. प्रत्येक पायरीला फोटो काढा. कोणती वायर कुठे होती हे दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

५. दुरुस्त होणारच नसेल तर घरी फोडू किंवा जाळू नका. त्यातल्या सोल्डरमध्ये शिसे असते. अधिकृत ई-कचरा संकलनाकडेच द्या.

आणि एक विनंती. आपल्या गावच्या शाळेत 'क्लास' प्रकल्पातली यंत्रे आली होती का, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना, निवृत्त शिक्षकांना विचारा. यंत्र नसले तरी कॅसेट, वही, आलेखाच्या कागदावर भरलेले चौकोन असे काही असेल तर टाकून देऊ नका. आमच्या बिस्किटांच्या डब्यात अजून बुरशी लागलेल्या दोन कॅसेटी आहेत. त्यांतल्या एकीवर 'नववी ब' लिहिले आहे आणि त्या वर्गाची हजेरीही आम्हाला सापडली आहे. चाचा म्हणतात, पावसाळा संपू द्या, मग बघू.